हिरव्या टोपणाखालचा नत्रवायू

गेल्या आठवडाभरात माझ्या तीन कौटुंबिक गटांत आणि एका माजी विद्यार्थ्यांच्या गटात एकच संदेश फिरून आला. उन्हाळ्यात टायर फुटून होणारे अपघात टाळायचे असतील तर टायरमध्ये साधी हवा भरू नका, नायट्रोजन भरा. शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केले आहे. सरकारही लवकरच याची सक्ती करणार आहे. शेवटी हात जोडल्याची दोन चिन्हे आणि 'जनहितार्थ' हा शब्द. भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट माझ्या नावापुढे लागलेली असल्यामुळे दोन मावश्यांनी आणि एका मेहुण्याने हा संदेश खात्री करून घेण्यासाठी माझ्याकडे धाडला. तिघांना निरनिराळे उत्तर देण्याऐवजी येथेच सविस्तर लिहितो.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढे जाता येईल. तुमच्या-आमच्या मोटारीच्या टायरमध्ये पैसे देऊन नायट्रोजन भरण्याने, हवेचा दाब नियमित तपासणाऱ्या माणसाला मोजण्याजोगा काहीही लाभ होत नाही. आणि जो माणूस दाब तपासतच नाही, त्याचा या वायूमुळे जीव वाचत नाही. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' हे वाक्य मात्र सरळ खोटे आहे, आणि माझा राग त्या वाक्यावर अधिक आहे.

मी पहाडगंजात राहतो. गाडी फारशी वापरत नाही. पण महिन्यातून एकदा हवा तपासण्याची सवय वडिलांनी लावली, ती सुटलेली नाही. जवळच्या एका पेट्रोल पंपावर दोन यंत्रे आहेत. एक जुने, फुकट हवेचे. पंपावर विनामूल्य हवा उपलब्ध असणे तेल कंपन्यांच्या नियमावलीनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे ते यंत्र तेथे असावे लागते. ते असते, चालू नसते. कधी नळी फाटलेली, कधी 'मशीन खराब है', कधी हवा भरणारा मुलगा जेवायला गेलेला. त्याच्या शेजारी हिरव्या रंगाची, दिवे लुकलुकणारी खोली; तेथे नायट्रोजन. तो मुलगा कधी जेवायला जात नाही. नव्याने भरायचे तर एका चाकाचे चाळीस रुपये, नुसते 'टॉप-अप' करायचे तर दहा. भरून झाल्यावर चाकांच्या नळीला हिरवी टोपणे बसवून मिळतात. ती पाहून पुढच्या पंपावरच्या माणसाला कळावे की हे गिऱ्हाईक नायट्रोजनवाले आहे.

एवढ्यावर भागले असते तर मी हा लेख लिहिला नसता. माणसे कशाकशावर चाळीस रुपये उडवतात, त्याचा हिशेब ठेवणे हे माझे काम नव्हे. पण मागच्या मे महिन्यात एक प्रसंग घडला. पहाडगंज, करोलबाग या भागांत सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारी पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. बहुतेक विटा, खानापूर, आटपाडीकडची. शाळांना सुट्टी लागली की ही मंडळी गाडीत बिऱ्हाड भरून दीड हजार किलोमीटरांहून अधिक लांब गावाकडे निघतात. त्यांपैकी एक तात्या माझ्या ओळखीचे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी पुसत होते. मी सहज विचारले, हवा तपासली का?

"तपासली की डॉक्टर. नायट्रोजन हाय. आन् वर पाच पॉइंट कमीच ठिवल्यात. उन्हाचं फुगून टायर फुटतंय न्हवं."

गाडीत सात माणसे बसणार, टपावर सामान, बाहेर पंचेचाळीस अंश तापमान, राजस्थान ओलांडायचे, आणि कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा पाच पॉइंट कमी हवा. टायर फोडायचा असेल तर याहून चांगली तयारी कोणती असू शकते, हे मला सांगता येणार नाही. तात्या अडाणी नाहीत. सोन्याचा कस शंभरातल्या एका भागापर्यंत सांगणारा हा माणूस. त्यांनी जे केले ते त्यांना कोणीतरी शिकवले. उष्णतेने हवा फुगते, फुगली की टायर फुटतो, म्हणून न फुगणारा वायू भरावा आणि शिवाय दाब कमी ठेवावा: ही संपूर्ण साखळी त्या हिरव्या खोलीतून आणि हात जोडलेल्या संदेशांतून आलेली आहे. तिच्यातील एकेक कडी तपासून पाहू.

पहिली कडी. साधी हवा म्हणजे तरी काय? आयतनाने ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याच्या आत अर्गॉन, आणि उरलेले किरकोळ. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत नायट्रोजनाला नत्रवायू आणि ऑक्सिजनाला प्राणवायू म्हणत. म्हणजे जो वायू चाळीस रुपयांना विकला जातो, तो फुकटच्या हवेत चार भागांपैकी तीन भागांहून अधिक आधीच भरलेला आहे. विक्रीचा सगळा दावा उरलेल्या एका भागावर उभा आहे.

दुसरी कडी, तापून फुगण्याची. बंद भांड्यातील वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हा नियम अकरावीच्या पुस्तकात आहे. या नियमात वायूचे नाव येत नाही. दाबाला फक्त रेणूंची संख्या कळते, त्यांची जात कळत नाही. प्रत्यक्ष आकडे घालून पाहा. २५ अंशांना तुम्ही ३३ पॉइंट हवा भरली. मापक वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो, म्हणून त्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे, एकूण ४७.७. आता टायर ६५ अंशांपर्यंत तापला. निरपेक्ष तापमान २९८ वरून ३३८ झाले, एकूण दाब ५४.१ झाला, आणि मापकावर ३९.४ दिसतील. वाढ झाली सहा पॉइंटांहून थोडी जास्त. हाच हिशेब शुद्ध नायट्रोजनासाठी केला तर? पुन्हा ३९.४. खरे वायू आदर्श नसतात हे मला ठाऊक आहे. ती दुरुस्ती घालून पाहिली तर हवा आणि नायट्रोजन यांच्यातील फरक एका पॉइंटच्या शंभराव्या भागाच्या आसपास निघतो. पंपावरच्या यंत्राला तो दिसण्याचा प्रश्नच नाही.

नायट्रोजन 'थंड राहतो' असेही एका फलकावर वाचले. दोन्ही वायूंचे रेणू दोन-दोन अणूंचे, दोघांची रेणूमागची उष्णताधारकता जवळजवळ सारखी, उष्णतावहनही सारखेच. 'हलका असतो' असेही लिहिले होते. असतो, एका मध्यम टायरमध्ये सुमारे ११५ ग्रॅम हवा मावते, तिच्याऐवजी नायट्रोजन भरला तर वजन साधारण चार ग्रॅमने घटते. चारही चाके मिळून पंधरा-सोळा ग्रॅम. ते हिरवे टोपण आणि खिशातली पावती वजा केल्यावर किती उरते ते वाचकांनी ठरवावे.

तिसरी कडी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत घातक आहे: दाब वाढला म्हणून टायर फुटतो. प्रवासात दाब पाच-सहा पॉइंटांनी वाढणार हे टायर बनवणाऱ्याला ठाऊक असते. दरवाजाच्या चौकटीवर जो आकडा छापलेला असतो तो थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात गृहीत धरलेली असते. सुस्थितीतील टायर त्याच्या नेहमीच्या दाबाच्या कितीतरी पट दाब सहन करतो. तो फुटतो तो बहुधा उलट कारणाने. गाडीचे वजन रबर उचलत नाही, आतला दाबलेला वायू उचलतो. वायू कमी झाला की टायर खाली बसतो, त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते आणि पुन्हा सरळ होते. ताशी शंभर किलोमीटर वेगाला हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा घडते. रबर वाकवायला जितकी ऊर्जा लागते तितकी ते सरळ होताना परत देत नाही. मधला फरक उष्णता होऊन रबरातच राहतो. तासन्‌तास हे चालले की थरांना एकत्र धरणारा बंध सुटू लागतो, आतल्या दोऱ्या आणि तारा मोकळ्या होतात, आणि एका क्षणी भिंत फाटते. ओझे जास्त असेल, टायर जुना असेल, वेग त्याच्या मर्यादेबाहेर असेल तर हे आणखी लवकर घडते. ड्रायव्हर म्हणतो, 'गरमीने टायर फुटला.' उष्णता खरीच असते. पण तिचा बराचसा भाग आकाशातून आलेला नसतो, कमी हवेने चाकातच निर्माण केलेला असतो.

म्हणून तात्यांनी पाच पॉइंट काढून टायर वाचवला नव्हता, अधिक तापण्याची सोय केली होती. चाकात नायट्रोजन आहे या भरवशामुळे त्यांच्या मनात शंका उरली नव्हती, हे त्याहून वाईट.

आता 'सरकार सक्ती करणार' या भागाकडे वळतो, कारण तो पूर्णपणे हवेतला नाही. ८ जुलै २०१९ रोजी पहाटे लखनौहून दिल्लीकडे येणारी उत्तर प्रदेश परिवहनची बस आग्र्याजवळ यमुना द्रुतगती मार्गावरून नाल्यात कोसळली आणि २९ माणसे गेली. त्याच दिवशी राज्यसभेत रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितले की, टायरच्या रबरात सिलिकॉन मिसळणे आणि टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणे सक्तीचे करण्याचा सरकारचा विचार आहे. वृत्तपत्रांनी ती बातमी ठळक छापली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती नव्या तारखेने फिरते.

गडकरींच्या हेतूविषयी मला शंका नाही. रस्त्यांवरच्या मृत्यूंविषयी सभागृहात इतक्या अस्वस्थपणे बोलणारे मंत्री थोडे. पण त्या बसच्या चालकाला डुलकी लागली असावी, असा प्राथमिक अंदाज त्याच दिवशी पुढे आला होता. झोपलेल्या चालकाला नायट्रोजन जागे करीत नाही. शिवाय टायर कंपनी टायर रिकामे विकते. त्यात काय भरले जाते ते पंपावर आणि पंक्चरवाल्याच्या टपरीवर ठरते. सक्ती नेमकी कोणावर करणार? गावोगावच्या टपऱ्यांवर रासायनिक पृथक्करणाची यंत्रे घेऊन निरीक्षक पाठवणार?

त्याच निवेदनातील दुसरा अर्धा भाग मात्र तथ्याचा होता, आणि तो कोणाच्याही लक्षात राहिला नाही. टायरच्या पृष्ठभागाच्या रबरात सिलिका मिसळली तर ते कमी ऊर्जा वाया घालवते आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड धरते; मिशेलिनने असे टायर १९९२ मध्येच बाजारात आणले. पुढे मंत्रालयाने २८ जून २०२२ च्या अधिसूचनेने टायरचा घरंगळण्याचा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा घालून दिल्या. नव्या बनावटीच्या टायरांना त्या १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाल्या. मोजता येणाऱ्या गोष्टींवर नियम असा करतात. नायट्रोजनाची सक्ती त्यात नाही. परंतु ओल्या पकडीच्या कसोटीवर एकही संदेश माझ्या मावशीला आलेला नाही.

'पण विमानांत तर नायट्रोजनच भरतात!' हा आक्षेप येणारच, आणि तो योग्य आहे. विमानांत भरतात आणि भरलाच पाहिजे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ मेक्सिको सिटीहून उडाल्यावर काही वेळात कोसळले. १६७ जण मृत्युमुखी पडले. ब्रेक अडकून एक चाक भयंकर तापले होते आणि त्या टायरमध्ये नायट्रोजनाऐवजी साधी हवा होती. अशा तापमानाला टायरच्या आतल्या थरातून ज्वलनशील वाफा निघतात, त्या आतल्या ऑक्सिजनाशी संयोग पावतात आणि स्फोट होतो. विमान उड्डाण करताच ते तापलेले चाक इंधनाच्या नळ्यांच्या शेजारी पोटात ओढून घेतले जाते. म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन पाच टक्क्यांहून अधिक नसावा असा नियम केला. ते टायर दोनशे पॉइंटांच्या आसपास भरलेले असतात, ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने जमिनीला टेकतात आणि उंचावर उणे पन्नास अंशांत तासन्‌तास राहतात. तेथे आत पाण्याचा अंश राहिला तर बर्फ होईल. तुमची गाडी लाजपतनगरच्या सिग्नलला उभी असते. विमानाचे पायलट ऑक्सिजनचा मुखवटाही ठेवतात. म्हणून आपण तो लावून स्कूटर चालवत नाही.

नायट्रोजनाच्या बाजूने जे खरे आहे ते आता सांगतो, कारण विरोधकाची बळकट बाजू लपवणे हे जाहिरातदाराचे काम आहे. रबर संपूर्ण बंदिस्त नसते. वायूचे रेणू त्यातून हळूहळू झिरपतात. ऑक्सिजन नायट्रोजनाच्या तुलनेत तीन-चार पट वेगाने झिरपतो. त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या टायरचा दाब अधिक काळ टिकायला हवा, आणि टिकतोही. किती? अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांसाठीच्या नियतकालिकाने ३१ प्रकारच्या टायरांच्या जोड्या घेतल्या, एकात हवा आणि दुसऱ्यात नायट्रोजन ३० पॉइंटांपर्यंत भरला, आणि वर्षभर उघड्यावर ठेवले. २००७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर हवेचे टायर सरासरी ३.५ पॉइंटांनी उतरले, नायट्रोजनाचे २.२ पॉइंटांनी. फरक १.३ पॉइंटांचा, तोही बारा महिन्यांत एकदाही हात न लावता. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २००९ च्या प्रयोगशाळेतील अहवालातही असेच आढळले: गळती काहीशी कमी, रबराचे जून होणे काहीसे मंद, घरंगळण्याच्या रोधावर थेट परिणाम नाही. ज्याचे टायर घासण्याआधी वयानेच मरतात, वर्षातून हजारभर किलोमीटर चालणारी जुनी हौशी गाडी असे काही, त्याला या दुसऱ्या गोष्टीचा थोडा उपयोग होईल. मी तो नाकारत नाही.

रुपयांत बोलायचे तर, दाब सरासरी एक पॉइंटने उतरला की इंधनाचा खर्च सुमारे ०.२ टक्क्याने वाढतो. वर्षभरात वाढत गेलेल्या १.३ पॉइंटांच्या फरकाची सरासरी धरा ०.६५. वर्षाला दहा हजार किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर, लिटरमागे सुमारे ९५ रुपये. पेट्रोलचा खर्च ६३ हजार. त्याचे ०.१३ टक्के म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. पहिल्याच दिवशी त्या हिरव्या खोलीत १६० रुपये मोजलेले असतात. आणि महिन्यातून एकदा फुकटची हवा भरणाऱ्याच्या बाबतीत हे ऐंशी रुपयेही उरत नाहीत.

येथे एक गंमत आहे, जिच्यासाठी भौतिकशास्त्र शिकल्याचे सार्थक वाटते. वायू एकूण दाबाकडे पाहून झिरपत नाहीत. प्रत्येक वायू फक्त स्वतःचा अंशदाब पाहतो. बाहेरच्या वातावरणात ऑक्सिजनाचा अंशदाब साधारण ०.२१ वातावरण. तुमच्या टायरमध्ये शुद्ध नायट्रोजन असेल तर आत तो शून्य. म्हणजे आतला दाब बाहेरच्या तिप्पट असूनही ऑक्सिजन बाहेरून आत शिरत राहतो! याउलट साध्या हवेच्या टायरमधून ऑक्सिजन वेगाने बाहेर पडतो, आणि तुम्ही वरचेवर हवा भरत राहिलात तर आतले ऑक्सिजनाचे प्रमाण वर्षानुवर्षे हळूहळू घटत जाते. मी कागदावर हिशेब मांडला तर ते अखेरीस २१ वरून ११ टक्क्यांच्या आसपास स्थिरावेल असे दिसते. रबर स्वतःच नायट्रोजन गाळून देण्याचे काम करीत असते. फुकट.

आणि चाळीस रुपयांना तुम्हाला मिळते तरी काय? टायर 'रिकामा' केला तरी त्यात एक वातावरण दाबाची हवा राहतेच. तिच्यावर शुद्ध नायट्रोजन भरून ३३ पॉइंट केले तर आत सहा टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन उरतो. पंपावरच्या यंत्रातून येणारा वायू ९५ टक्के शुद्ध असेल तर जवळजवळ दहा टक्के. खरा शुद्ध नायट्रोजन हवा असेल तर दोन-तीन वेळा भरून सोडून पुन्हा भरावा लागतो. तसे करताना मी दिल्लीत एकाही पंपावर पाहिले नाही. दहा रुपयांचे 'टॉप-अप' तर निखळ विनोद आहे. साध्या हवेने २८ पॉइंट भरलेल्या टायरमध्ये पाच पॉइंट नायट्रोजन घातला की आतले नायट्रोजनाचे प्रमाण ७८ वरून ८० टक्के होते. दोन टक्क्यांसाठी दहा रुपये, आणि वर हिरवे टोपण.

ओलाव्याचा मुद्दा राहिला. हाच एक मुद्दा आहे ज्यावर मी पंपवाल्याशी आदराने बोलेन. पाण्याची वाफ वाफेच्या रूपात असेल तर ती इतर वायूंसारखीच वागते. पण टायरमध्ये द्रव पाणी गेले असेल तर ते तापल्यावर वाफ होत जाते आणि दाबात स्वतःची भर घालते: २५ अंशांना अर्ध्या पॉइंटहून कमी, ६५ अंशांना साडेतीन. म्हणजे नेहमीच्या सहा पॉइंटांवर आणखी तीन. त्यासाठी पाच ग्रॅम पाणी, एक चमचाभर, पुरते. जुलैत मुंबई-कोकणातल्या एखाद्या टपरीच्या कॉम्प्रेसरची टाकी आठवडाभर निथळलेली नसेल तर नळीतून तेवढे पाणी सहज येईल. मेमधल्या दिल्लीत ते आणायचे तर बादलीच लागेल. पण त्यावरचा उपाय नायट्रोजन नव्हे, कोरडी हवा. टाकीच्या तळाशी एक तोटी असते. ती रोज सकाळी उघडून साचलेले पाणी सोडायचे असते.

तरीही कोणी म्हणेल, एवढे काय बिघडते? चाळीस रुपये जातात, माणसाला समाधान मिळते. बिघडते ते असे. दिल्लीत मेमध्ये ४० अंशांना ३३ पॉइंट भरलेला टायर जानेवारीतील सात अंशांच्या पहाटे, एक रेणूही न गळता, २८ वर आलेला असतो. हवा असो वा नायट्रोजन, साधारण सहा-सात अंशांमागे एक पॉइंट उतरणारच. पण ज्याला 'नायट्रोजनला तपासावे लागत नाही' असे सांगितलेले आहे तो धुक्यात तसाच निघतो. त्याला विकलेला माल वायू नव्हेच. न तपासण्याची मुभा विकलेली आहे. आणि फुकट हवेचे यंत्र बंद ठेवून ती विकली जाते, यात मला व्यापारापेक्षा वेगळे काहीतरी दिसते. रस्ते मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा अतिवेगाचा. ज्या देशात हा आकडा आहे तेथे लोकांचे मर्यादित लक्ष कोणत्या गोष्टीकडे वळवले जाते, हा प्रश्न किरकोळ नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना १ जुलै २०२३ ची रात्र आठवत असेल. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली बस दुभाजकाजवळ आदळून पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवसापर्यंत काँक्रीटचा रस्ता, तापमान, टायर आणि नायट्रोजन यांवरची चर्चा महाराष्ट्रभर पसरली होती. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत मात्र टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. अपघात मध्यरात्रीनंतर झाला होता, पावसाळ्यात. त्या वर्षी परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून घासलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम घेतली, ती मला मनापासून पटली. नखाने खोबणीची खोली पाहणारा एक कर्मचारी शंभर हिरव्या खोल्यांपेक्षा जास्त जीव वाचवील.

माझ्या बिरादरीवरही माझा राग आहे. आम्ही कृष्णविवरांवर आणि क्वांटम संगणकांवर व्याख्याने देतो; अकरावीच्या वायुनियमावर कोणी चाळीस रुपये उकळतो तेव्हा ते आम्हाला आमच्या पायरीचे वाटत नाही. पहाडगंजापासून काही किलोमीटरांवर, पुसा येथे, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे. देशातील दाबाचे मानक तेथे जतन केले जाते. त्या मानकापासून पंपावरच्या यंत्रापर्यंतचे अंतर मी माझ्या छोट्या मापकाने पाहिले आहे: यंत्र ३३ म्हणाले तेव्हा माझा मापक २९ म्हणत होता. दुसऱ्या पंपावर जाऊन पाहिले. तेथे माझा मापक आणि त्यांचे यंत्र जुळले. २९ मे २०२४ रोजी मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले तेव्हा साऱ्या देशाने ते छापले; हवामान विभागाने तपासून तीन अंशांची चूक असल्याचे सांगितले, तोवर बातमी जुनी झाली होती. चार पॉइंटांची चूक दाखवणाऱ्या यंत्रापाशी आपण कोणता वायू भरायचा यावर वाद घालतो आहोत.

करायचे ते असे. चार-पाचशे रुपयांचा एक मापक विकत घ्या आणि गाडीत ठेवा. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी दाब पाहा. दरवाजाच्या चौकटीवरचा आकडा पाळा. गाडी भरलेली असेल तर त्याच चौकटीवर वेगळा, मोठा आकडा असतो, तो पाळा. प्रवासात थांबल्यावर दाब वाढलेला दिसला तर हवा सोडू नका. फुकट हवेचे यंत्र बंद असेल तर व्यवस्थापकाकडे तक्रारवही मागा. ती ठेवणेही त्यांना बंधनकारक आहे. मी दोनदा मागितली. दुसऱ्या वेळी जेवायला गेलेला मुलगा दोन मिनिटांत परत आला.

तात्यांना त्या संध्याकाळी मी चौकटीवरचा आकडा दाखवला. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी डॉक्टर, ह्यो नायट्रोजन आता काढून टाकू का?" नको म्हटले, राहू दे, नायट्रोजन वाईट नाही, कमी हवा वाईट. त्यावरच साधी हवा भरा. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो, पूर्ण भरलेल्या गाडीसाठीचा आकडा चारही चाकांत भरून घेतला; त्याने पैसे घेतले नाहीत. निघता निघता मी स्टेपनी काढायला लावली. तिच्यावरही हिरवे टोपण होते. आत १४ पॉइंट निघाले.